पांडू हवालदार आणि त्याचे परीक्षक

गेल्या महिन्यांत इयत्ता नववींतील पांच-सहा मुलें एक वही घेऊन आमच्याकडे आलीं. वार्षिक स्नेहसंमेलनांत त्यांना एक प्रहसन करावयाचें होतें आणि तें त्यांनीं स्वतःच लिहिलें होतें. प्रहसनाचे नायक दोन. एक भोळा हवालदार व दुसरा बेरकी हवालदार. दोघे मिळून एका कोंबडीचोराचा शोध करितात आणि शेवटीं ती कोंबडी फौजदारसाहेबांच्याच स्वयंपाकघरांत शिजत असलेली सांपडते, असें कथानक. शिक्षकांच्या खोलींत वही फिरली तेव्हां मतें दोन झालीं. कांहींचें म्हणणें असें कीं, मुलांचा विनोद निर्मळ आहे, त्यांना करूं द्यावें. कांहींचें म्हणणें असें कीं, हें तर सिनेमांतील ‘पांडू’चें अनुकरण, असल्या चित्रपटांस वर्तमानपत्रांतील परीक्षक मंडळीसुद्धां हलकेंच लेखतात, मग शाळेच्या रंगमंचावर त्यांस मान कां द्यावा? निर्णय आमच्यावर सोंपविण्यांत आला. तो देण्यापूर्वीं या पांडूविषयीं कांहीं विचार करणें आम्हांस भाग पडलें. तोच विचार येथें विद्यार्थी व पालक यांच्यापुढें ठेवीत आहों.

प्रथम मूळ पांडूची ओळख करून दिली पाहिजे, कारण आजच्या मुलांपैकीं पुष्कळांनीं त्याचें नांव ऐकलें आहे, पण त्याला पाहिलेलें नाहीं. ‘पांडू हवालदार’ हा चित्रपट दादा कोंडके यांनीं १९७५ सालीं काढला. पांडूचें काम त्यांनीं स्वतः केलें. त्याच्या जोडीच्या सखाराम हवालदाराचें काम अशोक सराफ यांनीं केलें, आणि याच चित्रपटानें त्यांचें नांव महाराष्ट्राला ठाऊक झालें. केळेवालीच्या भूमिकेंत उषा चव्हाण होत्या. दादांच्या नऊ चित्रपटांनीं रौप्यमहोत्सव केला, म्हणजे ते पंचवीस आठवडे चालले, व त्याची नोंद गिनीज बुकांत झाली, हें पालकांना माहीत असेलच. ‘पांडू हवालदार’ हा त्यांपैकींच एक.

हवालदाराचें सोंग मात्र दादांना नवें नव्हतें. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या १९६५ च्या लोकनाट्यांत ते हवालदारच होते, आणि त्याच सोंगाच्या जोरावर मुंबईच्या गिरणगांवांतला हा माणूस महाराष्ट्रभर पोंचला. त्याच्याही मागें गेलों तर तमाशाच्या वगांतील राजा, प्रधान, कोतवाल आणि सोंगाड्या भेटतात. राजाच्या तोंडावर राजाला खुळा म्हणण्याची मुभा ज्याला असे, तोच सोंगाड्या पुढें हवालदाराचा डगला चढवून आला, असें म्हणावयास हरकत नाहीं. खानदेशांत यात्रेच्या दिवसांत रात्ररात्र वग पाहिलेल्या आजोबांना हें आम्हीं सांगावयास नको.

पुढें ही जोडी पुनःपुन्हां जन्मास आली. १९८७ सालच्या ‘दे दणादण’मध्यें महेश कोठारे फौजदार झाले व लक्ष्मीकांत बेर्डे हवालदार. मारुतीच्या कृपेनें हवालदाराच्या अंगीं अचाट बळ येतें आणि तांबडा रंग दृष्टीस पडतांच तें गळून जातें, अशी त्यांतली मौज. नंतर ३ डिसेंबर २०२१ रोजीं ‘पांडू’ या नांवाचा चित्रपट लागला. दिग्दर्शक विजू माने. नायक भाऊ कदम व कुशल बद्रिके, ज्यांना ‘चला हवा येऊ द्या’ या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमामुळें घरोघरचीं मुलें आपल्या काकामामांइतकीं ओळखतात. दादांना वाहिलेली आदरांजली म्हणून तो पुढें आला, आणि नांवापासून केळेवालीपर्यंत जुन्या चित्रपटाची आठवण त्यांत जागविलेली होती.

येथें आमच्या एका चुकीची कबुली देणें प्राप्त आहे. तो काळ सर्वांना आठवत असेल. महामारीनें बंद पडलेलीं चित्रपटगृहें २२ ऑक्टोबर २०२१ पासून अर्ध्या आसनांवर उघडलीं होतीं. शाळांचे दरवाजेही जपून जपून किलकिले होत होते. ‘पांडू’ लागला तेव्हां आम्हीं दोन-चार परीक्षणें वाचलीं, चित्रपट पाहिला नाहीं, आणि वर्गावर जाऊन सांगितलें कीं, असले चित्रपट बुद्धीला गंज चढवितात. मुलें गप्प बसलीं. आम्हांस वाटलें, त्यांना पटलें. खरें पाहतां त्यांतल्या निम्म्यांचीं त्या चित्रपटाचीं गाणीं तोंवर तोंडपाठ झालेलीं होतीं.

त्याच वर्षीं पांचवीच्या वर्गांत एक मुलगा होता. त्याचे वडील पोलीस शिपाई. पूर्वीं जळगांव जिल्ह्यांत होते, मागाहून बदलून धुळ्यास आले. वर्गांतील कोणीतरी त्याला ‘पांडूचा पोरगा’ म्हटलें आणि तें नांव चिकटलें. महाराष्ट्रांत शिपायाला ‘पांडू’ म्हणण्याची खोड जुनी आहे. ती दादांच्या चित्रपटामुळें लागली असें सामान्यतः सांगतात. शाळेच्या वह्यांत वडिलांचा व्यवसाय लिहिण्यासाठीं एक रकाना असतो. त्यांत पहिल्या वर्षीं मोठ्या अक्षरांत ‘पोलीस’ असें लिहिणारा हा मुलगा दुसऱ्या वर्षीं ‘नोकरी’ एवढेंच लिहून मोकळा झाला. हें आमच्या ध्यानांत आलें तें फार उशिरां. ज्या मुलांनीं त्याला चिडविलें त्यांच्यापैकीं जुना चित्रपट एकानेंही पाहिलेला नव्हता. त्यांच्या शिक्षकानेंही नवा पाहिलेला नव्हता, ही गोष्ट वेगळी!

आम्हीं त्या मुलाच्या वडिलांना भेटीस बोलाविलें. ते बंदोबस्तावरूनच आले. टोपी कांखेंत, गणवेशावर घामाचे पांढरे डाग. जळगांव-भुसावळच्या बाजूला वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांवर जातो आणि त्या उन्हांत चौकांत उभें राहणें म्हणजे काय, तें येथील वाचकांना सांगण्याची गरज नाहीं. आम्हीं झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला आणि शिक्षकाच्या संवयीप्रमाणें सगळा दोष चित्रपटावर टाकला. गृहस्थ हंसले.

‘सर, आपण तो पिक्चर पाह्यला का?’

जुना लहानपणीं पाहिला होता, नवा नाहीं, असें आम्हीं सांगितलें.

‘मग पाहा सर. आमच्या पोलीस लाइनींत सगळ्यांनीं पाह्यला. आमच्याइतकं कोणी हंसलं नसेल. आमच्या पोराची बाजू घेतलीत, उपकार आहेत. पण पिक्चरला नांवं ठेवूं नका.’ आणि मग घरच्या माणसाशीं बोलावें तसे ते एकदम अहिराणींत घसरले, ‘पिच्चरमाना पांडू चांगला शे, सर. रस्तावरना पांडू वाईट शे.’

हें वाक्य आमच्या मनांत घर करून राहिलें. पदवी घेतलेले, परीक्षणें वाचणारे आम्ही, आम्हांस जो भेद सुचला नाहीं तो या गृहस्थांनीं एका श्वासांत सांगितला. चित्रपटांतला पांडू माणूस आहे. त्याला भूक लागते, तो प्रेमांत पडतो, वरिष्ठांपुढें त्याची त्रेधा उडते, त्याला एक बेरकी मित्र आहे. तो वेडगळ दिसतो खरा, पण प्रेक्षक त्याच्याच बाजूनें बसलेला असतो. रस्त्यावरचा पांडू हें नुसतें एक विशेषनाम. तें पाठमोऱ्या शिपायाला दगडासारखें मारून पळतां येतें.

त्याच रात्रीं आम्हांस बालपणचा एक प्रसंग आठवला. आमचें शिक्षण जळगांवीं झालें. १९९० च्या सुमारास गणेशोत्सवांत चौकाचौकांत पडदे लावून चित्रपट दाखवीत. पुढची जागा मोठ्यांनीं भरून जाई, म्हणून आम्ही मुलें पडद्याच्या मागल्या अंगाला मातींत बसत असूं. तिकडून सारेंच उलटें दिसे. अक्षरें उलटीं, सलाम डाव्या हाताचा. असा उलट्या बाजूनें आम्हीं ‘पांडू हवालदार’ पाहिला. पडद्याच्या खांबाशीं बंदोबस्ताचे दोन शिपाई उभे होते. त्यांतला वयस्क शिपाई इतका हंसत होता कीं, त्यानें टोपी काढून तिच्यानेंच डोळे पुसले. तेवढ्यांत फौजदारांची जीप आली आणि दोघेही खांबासारखे ताठ झाले. जीप गेली, पुन्हां हंसूं लागले. पडद्यावर जें चाललें होतें तेंच पडद्याखालीं चाललें होतें, आणि आम्हां पोरांना कोणता खेळ अधिक चांगला हें ठरवितां येईना.

आतां परीक्षकांकडे वळूं. झाल्या गोष्टीनंतर आम्ही अशा चित्रपटांवरील परीक्षणें आवडीनें वाचूं लागलों आहों. तीं बहुधा एकाच सांच्यांतून काढलेलीं असतात, मग चित्रपट मराठी असो, हिंदी असो कीं अमेरिकेचा असो. दोन नटांची जोडी छान जमली आहे, असें पहिल्या परिच्छेदांत; कथेंत कांहीं राम नाहीं, उत्तरार्ध रेंगाळतो, डोकें घरीं ठेवून जा, असें दुसऱ्यांत; आणि अखेरीस पांचांपैकीं अडीच किंवा तीन तारे. अमेरिकेंत ‘लीथल वेपन’ (१९८७), ‘रश अवर’ (१९९८) असे दोन पोलीसांचे किती तरी चित्रपट निघाले, आणि कथा ही तेथेंही बहुतेक वेळां दोन नटांना एका गाडींत बसविण्याचें निमित्तच असते. हें परीक्षकाला ठाऊक असतें. तरी तो दर वेळीं कथेचा पंचनामा करितोच. आम्हीं त्याला फार बोल लावणें शोभणार नाहीं. शंभर निबंध तपासून झाल्यावर एकशें-एकाव्याला दहांपैकीं पांच देऊन मोकळें होण्याचा मोह कोणत्या शिक्षकाला झाला नाहीं?

दुसरा पक्ष चाहत्यांचा. त्यांचें म्हणणें, लोक हंसले, तिकिटें खपलीं, आठवडे भरले, मग परीक्षकांनीं बोलूं नये. हें तर त्याहून कच्चें. गर्दी हेंच गुणाचें प्रमाणपत्र मानलें तर गांवांतील दारूच्या दुकानाला पहिलें बक्षीस द्यावें लागेल. दादांच्या चित्रपटांचे पंचवीस आठवडे ही गोष्ट लहान नव्हे, परंतु ती लोकांची आवड दाखविते. त्या आवडींत काय होतें हें कोणीतरी उकलून सांगावयास पाहिजे होतें. तें काम परीक्षकाचें. तो तर्काचीं छिद्रें मोजीत बसला, चाहता आठवडे मोजीत बसला, आणि ज्या माणसाचें सोंग घेऊन एवढें हंसें पिकविलें त्या माणसाच्या वांट्याला त्यांतून मान आला कीं अपमान, हें विचारावयाचें राहूनच गेलें.

यासंबंधीं एक जुना दाखला देतों. आमच्या पदवीच्या अभ्यासांत शेक्सपिअरचें ‘मच अडू अबाउट नथिंग’ हें नाटक होतें. त्यांत डॉगबेरी नांवाचा गस्तीचा जमादार आहे आणि व्हर्जेस हा त्याचा म्हातारा जोडीदार. डॉगबेरीला मोठमोठे शब्द वापरण्याची हौस आणि प्रत्येक शब्द भलत्याच अर्थानें तोंडांतून निघतो. १६०० सालच्या छापील प्रतींत या पात्रांच्या संवादांपुढें कांहीं ठिकाणीं पात्राऐवजीं नटांचींच नांवें छापून गेलीं आहेत. डॉगबेरीच्या जागीं केंप, व्हर्जेसच्या जागीं काउली. विल केंप हा त्या काळचा लोकप्रिय विदूषक. म्हणजे नटाच्या लोकप्रियतेवर उभा असलेला दोन पोलीसांचा विनोद हा कांहीं कालपरवांचा शोध नव्हे. त्याला चारशें वर्षें होऊन गेलीं.

या डॉगबेरीच्या चुकलेल्या शब्दांवर आम्हांला परीक्षेंत टीपा लिहावयास येत आणि त्यांस गुण मिळत. आमचे प्राध्यापक त्याला थोर विनोद म्हणत. तेच प्राध्यापक दादा कोंडके यांचें नांव निघालें कीं नाकाला रुमाल लावीत. आम्हीही लावीत असूं. फरक एवढाच होता कीं, एक विनोद जाड पुस्तकांत होता व दुसरा चौकांतल्या पडद्यावर.

त्या नाटकांतली खरी गोम निराळीच आहे. एका निरपराध मुलीवर कुभांड रचलें जातें. राजपुत्र फसतो, सरदार फसतो, मुलीचा बापही फसतो. कट उघडकीस आणतात ते डॉगबेरीचे अडाणी पहारेकरी, कारण रात्रीं जागे असलेले तेच. डॉगबेरी ही बातमी घेऊन मुलीच्या बापाकडे, म्हणजे तेथील सुभेदाराकडे, लग्नाच्या आधींच जातो. पण सुभेदार घाईंत आहे, या दोघांच्या पाल्हाळाला कंटाळतो आणि ऐकून न घेतांच निघून जातो. पुढील सर्व अनर्थ त्या घाईनें होतो. अडीच तारे देऊन उठणारा परीक्षक पाहिला म्हणजे आम्हांस त्या सुभेदाराची आठवण होते. वर्गावर जाऊन गंजाचें व्याख्यान देणाऱ्या शिक्षकाचीही होते.

मूकपटांच्या काळींही पोलीसाला पाहून लोक हंसले. १९१२ पासून अमेरिकेंत कीस्टोनच्या पोलीसांची धांदल सुरू झाली, आणि १९१७ च्या ‘ईझी स्ट्रीट’मध्यें चार्ली चॅप्लिननें भिकाऱ्यालाच शिपाई करून गुंडांच्या गल्लींत उभें केलें. चॅप्लिनला पुढें जगानें डोक्यावर घेतलें. आपल्याकडेही मान मिळतो, पण फार सावकाश. १९७५ चे सखाराम हवालदार, म्हणजे अशोक सराफ, यांना २०२३ सालचा महाराष्ट्रभूषण पुरस्कार मिळाला व २०२५ सालीं पद्मश्री जाहीर झाली. मधलीं जवळजवळ पन्नास वर्षें लोक त्यांना हंसून दाद देतच होते. धुळ्याहून पन्नासएक किलोमीटरांवर मालेगांव आहे. तेथें नासिर शेख यांनीं २००० सालीं शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन ‘मालेगांव के शोले’ काढला, तेव्हां सुशिक्षितांना ती गंमतच वाटली. २००८ सालीं त्या मंडळींवर ‘सुपरमेन ऑफ मालेगांव’ हा माहितीपट निघाला व परदेशांत पाहिला गेला, तेव्हां आम्हीही ‘आमचें मालेगांव’ म्हणूं लागलों.

पोलीसावरील गंभीर चित्रपटाचें मात्र असें होत नाहीं. १९८३ चा ‘अर्धसत्य’ घ्या. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवर विजय तेंडुलकर यांनीं पटकथा लिहिली, गोविंद निहलानी यांनीं दिग्दर्शन केलें आणि ओम पुरी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट थोर आहे याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. वरच्या वर्गांतील मुलांनीं तो मोठेपणीं अवश्य पाहावा. परंतु त्यांतलें दुःख आहे तें फौजदाराचें. हिंदी चित्रपटांत एकंदरीनेंच शिपायाचें काम काय असतें? कोठडीचें दार उघडणें, सलाम करणें, आणि गोळी सुटली म्हणजे पहिल्यानें पडणें. त्याला नांव नसतें, घर नसतें. ज्या विनोदी चित्रपटांना आपण हलके म्हणतों, त्यांतच काय तो शिपाई आरंभापासून शेवटपर्यंत पडद्यावर असतो, घरीं जेवतो, रुसतो, मित्राशीं भांडतो. या गोष्टीला एकही तारा दिलेला आम्हीं अजून वाचलेला नाहीं.

येथें कोणी असें समजूं नये कीं, या चित्रपटांतलें सारेंच आम्हांस मान्य आहे. दादांचे द्व्यर्थी संवाद हा परीक्षकांचा जुना आक्षेप आणि तो आम्हांलाही बरोबर वाटतो. मोठीं माणसें ज्यावर हंसतात त्याचा अर्थ पोराला कळूं नये आणि तरी त्यानें हंसावें, ही स्थिति चांगली नाहीं. केळेवाली पडद्यावर आली कीं प्रेक्षागृहांतून ज्या आरोळ्या उठतात, त्या ऐकून शेजारीं बसलेल्या मुलीला काय वाटत असेल याचा विचार चित्रपट काढणाऱ्यांनीं केलेला दिसत नाहीं. येथें हंसें नक्कीच दुबळ्याच्या अंगावर पडतें. म्हणून जुना ‘पांडू हवालदार’ आम्ही लहान मुलांना दाखविणार नाहीं. मोठ्या मुलांनीं घरीं पाहिला तर पालकांनीं शेजारीं बसावें आणि जें खटकेल तें तेथेंच बोलून दाखवावें.

दुसरें एक खटकतें. बेरकी हवालदारानें चिरीमिरी घेतली कीं प्रेक्षागृह खदखदून हंसतें. प्रत्यक्षांत तीच चिरीमिरी भाजीवालीच्या दिवसाच्या कमाईंतून जाते. या हंसण्याचें काय करावें, याचें उत्तर आमच्याजवळ तयार नाहीं. लांच घेणारा हंसण्याजोगा ठरला म्हणजे लांच लहान होते, हें खरें. पण त्याचें हंसें कधींच झालें नाहीं तर तो नुसता भयंकर राहतो, हेंही खरें. वगांतल्या सोंगाड्यानें कोतवालाची चेष्टा केली नसती तर गांवानें त्याला उघड शब्द तरी केव्हां ऐकविला असता?

पालकांपैकीं कोणी पहांटे पांचाला फिरावयास जात असतील तर त्यांनीं मैदानांवर धांवणारीं तरुण मुलें पाहिलीं असतील. पोलीस भरतीसाठीं मुलांना सोळाशें मीटर, मुलींना आठशें मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेंक; यांत पन्नासांपैकीं गुण मिळवावयाचे, मग लेखी परीक्षा. धुळ्यास पोलीसांचें प्रशिक्षण केंद्र आहे, राज्य राखीव दलाचा गट आहे. त्यामुळें या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याच्या मुलाला वर्दी ही रोज डोळ्यांसमोर दिसणारी आशा आहे. त्या धांवणाऱ्यांत आमचे माजी विद्यार्थी असतात. दोन-तीन भरत्या हुकलेले असतात. त्यांतला एखादा निवडला गेला कीं गांवांत पेढे वांटले जातात, आणि पुढल्याच महिन्यांत चौकांत उभा राहिला कीं दुचाकीवरून कोणी पोरगा ‘ए पांडू’ म्हणून निघून जातो. २०२० च्या टाळेबंदींत काठी उगारणाऱ्या शिपायांचीं चित्रें मोबाइलवर पाहून आपण सारे पोट धरून हंसलों. त्याच साथींत अनेक शिपाई बंदोबस्तावरून घरीं आजार घेऊन गेले व उठले नाहींत. तीं चित्रें कोणी कोणाला पाठविलीं नाहींत.

आतां प्रहसनाविषयीं. वही आम्हीं दोनदां वाचली. परवानगी दिली आहे, मात्र दुसरा प्रवेश पुन्हां लिहावयास सांगितला आहे. त्यांत बेरकी हवालदार कोंबडीच्या मालकिणीची, एका म्हाताऱ्या बाईची, नक्कल करितो आणि तिची कोंबडी गेली याचेंच हंसें होतें. तेवढें काढून टाका, फौजदाराचें जितकें हंसें करावयाचें तितकें करा, असें मुलांना सांगितलें. फौजदाराला हात लावावयाची परवानगी मिळते म्हटल्यावर मुलांचे चेहरे उजळले! एका सहकाऱ्यांना हा निकाल अजून मान्य नाहीं. त्यांचा मान राखून आम्हीं येथें तसें नमूद करितों.

भोळ्या हवालदाराचें काम कोणी करावें यावर वर्गांत वाद झाला. पांचवींत असतांना ज्याला ‘पांडूचा पोरगा’ म्हणत, तो मुलगा आतां नववींत आहे. त्यानें हात वर केला. आम्हांस जरा अवघड वाटलें, म्हणून त्याला एकट्याला बोलावून विचारलें कीं, तुला हें काम मनापासून करावयाचें आहे ना? तो म्हणाला, ‘हो सर. यांच्यापैकीं कोणालाच सॅल्यूट नीट मारतां येत नाहीं.’ मग त्यानें मारून दाखविला. टांच जुळली, कोपर खांद्याच्या रेषेंत आलें, तळहात बरोबर वळला. वडिलांना संमेलनाच्या दिवशीं सुट्टी मिळेल कीं नाहीं हें अद्याप ठरलेलें नाहीं; त्या आठवड्यांत बंदोबस्त आहे. त्यांच्यासाठीं पुढल्या रांगेंत एक खुर्ची राखून ठेवण्यास शिपायांना सांगितलें आहे, शाळेच्या शिपायांना.